आठातले दोन सांधे

भाओजी,

काल दुपारी रूपाचा फोन आला. तुमच्या हत्यारांच्या पेटीत, तळाला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक लाकडाचा तुकडा सापडला म्हणाली. मधोमध फाटलेला. त्याच्यावर पेन्सिलीनं तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘रोहा पाट – परशा’.

“मामा, ह्याच्यावर तुझं नाव कसं रे?”

मी म्हटलं, मशीन चालू हाय, नंतर करतो, आणि फोन ठेवला. मशीन चालू नव्हतं. जेवणाची सुट्टी होती. इथं कच्छात, बंदराजवळच्या ह्या दरवाजांच्या कारखान्यात मी फळ्यांच्या एका थप्पीवर बसलो होतो आणि हातातली भाकरी खाली पडली ती मी उचलली नाही.

तुम्ही जाऊन आज दहा दिवस झाले. मी अजून आलो नाही. ताईला सांगितलं, सुट्टी नाय. सुट्टी आहे, भाओजी. मालकानं त्याच दिवशी दिली होती. मला तुमच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. तुम्ही असताना तुमची वाटायची, आता तुम्ही नाही तर दाराची वाटते.

तो तुकडा तुम्ही जाळला असंच मी बारा वर्षं समजत होतो.

तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न मोडलेला, सातवीत शाळा सोडलेला, जित्याजवळच्या मिठागरात पाय फाटेपर्यंत राबलेला. ताई म्हणाली म्हणून तुम्ही घेतलंत. पहिल्याच दिवशी म्हणालात, “मेव्हणा असलास तरी इथं मेव्हणा नाय. इथं मार पडंल.” आणि पडायचा. तुमचा राग पेणच्या सगळ्या गणपती कारखान्यांना माहीत होता. एकदा तुम्ही रंधा फेकून मारलात तो माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यात रुतून बसला. दुसऱ्या दिवशी तुम्हीच तो उपसून काढलात आणि मला म्हणालात, “धार गेली. लाव.” मी लावली. मी पाट्यावर पातं घासत होतो आणि तुम्ही चहा पीत बघत होतात.

पण एक गोष्ट. माझ्याआधी तुमच्या कारखान्यात गोंदाच्या डब्यांवर रंगाचे पट्टे नव्हते. मी आल्यावर आठवड्यात आले. घरातल्या कामाचा पांढरा गोंद, त्याच्या डब्याला पांढरा पट्टा. उकळून लावायच्या सरसाला काळा. पाण्यात जाणाऱ्या कामाचा, दोन डबे मिसळून करायचा गोंद, त्या दोन्ही डब्यांना लाल. डब्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. ब्रश घेऊन पट्टे मारताना एवढंच म्हणालात, “डबे सारखेच दिसतात साले.” मी आज इथं बिहार, ओडिशाच्या माणसांसाठी डब्यांवर पट्टे मारतो, आणि मीही तेवढंच बोलतो.

गोंद शिकवायची तुमची रीत मारामारीचीच होती. प्रत्येक कामाच्या वेळी, त्याच फळीच्या उरलेल्या दोन चिपा, तोच गोंद, त्याच दिवशी चिकटवून ठेवायच्या. तुम्ही त्याला तोडतुकडा म्हणायचात. ज्यानं गोंद लावला त्याचं नाव आणि काम त्याच्यावर पेन्सिलीनं. दुसऱ्या दिवशी तो शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि लाकडी मोगरीनं हाणायचा. एक, दोन, तीन. तुटायलाच पाहिजे. तुटला की दोन्ही बाजू उजेडात धरायच्या. सांधा गुळगुळीत सुटला असेल तर गोंद नापास, आणि ज्याचं नाव त्याच्या पाठीत तोच तुकडा. लाकूड फाटलं असेल, एका बाजूचे रेषे उपटून दुसरीला चिकटलेले असतील, तर पास.

“लाकूड मेलं पायजे,” तुम्ही म्हणायचात, “सांधा नाय.”

पास झालेले तुकडे खिडकीखालच्या फळीवर ओळीनं. आमच्या प्रत्येकाच्या नावाची लाकडं तिथं फाटून पडलेली असायची.

सागाला अंगचं तेल असतं, रंधून झालं की लगेच गोंद लावायचा, चहाला जायचं नाय, हे मी तुमच्याकडून पाठीत तुकडा खाऊन शिकलो. फणसाला ते दुखणं नाही, हे तुम्ही न मारता सांगितलंत. देव्हारा असेल तर सरस, कारण पन्नास वर्षांनी कुणाला दुरुस्त करावासा वाटला तर वाफ दिली की सांधा सोडतो. “देवाचं घर सुटतं असावं,” म्हणालात. खुर्चीला पांढरा. पाण्यात बुडणाऱ्या कशालाही लाल पट्टा, आणि पांढऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण तो भिजला की दुधासारखा मऊ होतो.

आपलं भांडण सांधा आवळून धरणाऱ्या शिकंज्यावरून होतं. तुम्ही शिकंजा असा आवळायचात की जणू लाकडाचा गळाच दाबताय. सगळा गोंद बाहेर. मी म्हणायचो, भाओजी, आत काय उरंल, सांधा उपाशी मरंल. तुम्ही म्हणायचात, “तू मिठागरात होतास ना? मग मिठाचं सांग.” हे भांडण शेवटच्या फोनपर्यंत चाललं. मी इथलं सांगितलं, की इथं दाब मोजायला घड्याळासारखा काटा आहे. तुम्ही म्हणालात, “काट्याला मनगट हाय का?” आणि खोकत राहिलात. खोकला तेव्हाच ऐकू आला होता. मी विचारायला हवं होतं.

आता रोह्याचा पाट.

रोह्याच्या एका आळीच्या मंडळाचा गणपती पेणमध्ये व्हायचा. त्यांना दर वर्षी टिकेल असा मोठा पाट हवा होता, मूर्तीसकट उचलून नदीत न्यायचा आणि परत आणायचा. दोन लांब दांडे, त्यात बसवलेल्या चार आडव्या पट्ट्या, वर फळ्या. आठ सांधे. लोखंड नको म्हणाले, पाण्यात गंजतं. म्हणजे सगळा जीव गोंदावर. तुम्ही लाल पट्ट्याचे डबे माझ्यासमोर ठेवलेत आणि बजावलंत, “पसरट ताटलीत मिसळ. थोडा थोडा. खोल भांड्यात नाय, तापतो तो.” आणि लाकूड बघायला वडखळला गेलात. एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर टाकलंत.

सहा सांधे मी तुम्ही सांगितलं तसेच केले, शिकंजाही तुमच्यासारखाच करकचून आवळला. तोडतुकडाही त्याच गोंदाचा केला, त्याच्यावर नाव तुम्ही आल्यावर घातलंत. मग मला घाई झाली. तुम्ही यायच्या आत सगळं शिकंज्यात पाहिजे, तुम्ही बघून खूश व्हाल, असं वाटलं. उरलेला सगळा गोंद मी एकदम चहाच्या पेल्यात ओतला आणि घोटला. हातातला पेला तापत गेला. त्यातून वाफ निघाली. मी ब्रश हलवायला गेलो तर ब्रश हलेना. गोंद दगड झाला होता, ब्रश त्यात उभा, आणि चौथ्या पट्टीचे दोन्ही सांधे अजून कोरडे होते.

पेठेत जाऊन नवे डबे आणता आले असते. तुम्ही परत येईपर्यंत थांबता आलं असतं. पण मला फक्त तो पत्र्यात रुतलेला रंधा दिसत होता. मी पांढऱ्या पट्ट्याचा डबा उघडला.

पेला मी मागच्या गटारात फेकला. बाहेर आलेला पांढरा गोंद ओल्या फडक्यानं पुसला, वर भुसा चोळला. तुम्ही आलात, आठही सांध्यांवरून अंगठा फिरवलात. दुसऱ्या दिवशी तोडतुकडा शेगड्यात घातलात. पहिल्या घावात तुटला नाही. दुसऱ्यात नाही. पाचव्या घावाला लाकूड असं फाटलं की त्याची एक चीप उडून तुमच्या कपाळाला लागली, रक्त आलं. तुम्ही रक्त पुसलं नाहीत. दोन्ही बाजू उजेडात धरल्यात आणि म्हणालात, “शाबास. जा, चहा घे.”

तेवढी एकच शाबासकी मला तुमच्याकडून मिळाली, आणि ती खोट्या तुकड्यावर मिळाली. त्या वेळी बोललो असतो तर पाठीत दोन तुकडे बसले असते आणि विषय संपला असता. मी चहा घ्यायला गेलो.

विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. पाट दिवसभर भिजला. घाटाच्या पायऱ्या उतरताना चौथी पट्टी दोन्हीकडून सुटली, फळ्या खचल्या आणि मूर्ती तोंडावर गेली. सोंड तुटली, हात तुटला. खाली एक पोरगा होता, त्याच वर्षी लग्न झालेला. त्याचा गुडघा पायरी आणि दांड्याच्या मध्ये सापडला. आज तो काठी घेऊन चालतो.

दुसऱ्या दिवशी दोन टेम्पो भरून माणसं पेणला आली. पाट बरोबर घेऊनच आली होती. तुमच्या अंगणात टाकला आणि पहारीनं फोडायला घेतला, म्हणाले, बघू दे सगळ्यांना मिस्त्रीचं काम. भाओजी, तुम्हीही बघत होतात. एक पट्टी आधीच निघालेली. बाकीच्या तीन निघेनात. चार-चार जण पहारीवर लोंबकळले. दांडा फाटला, पट्टी उभी चिरली, रेषे बाहेर आले, पण सहातला एकही सांधा सुटला नाही. तुमच्या शिकंज्यानं उपाशी मारलेले सांधे. आपलं भांडण खरं तर तिथंच मिटलं होतं, तरी आपण पुढं भांडत राहिलो. अंगणभर लाकूड मरून पडलं होतं आणि ते वाचणारे आपण दोघंच होतो.

तेव्हा तुम्ही सुटलेल्या पट्टीचं टोक उचललंत. नखानं खरवडलंत. नख पांढरं झालं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी सागाच्या थप्पीला टेकून उभा होतो.

मग तुम्ही आत गेलात आणि खिडकीखालचे सगळे तोडतुकडे एका हातानं ओढून सरसाच्या शेगडीत लोटलेत. मला वाटलं, माझाही गेला. दुसऱ्या हातानं धोतरात काय खोचलंत ते मी पाहिलंच नाही.

“सांधा कुणी लावला?” त्यांच्यातल्या दाढीवाल्यानं विचारलं. “नाव सांग मिस्त्री, त्याला घेऊन जातो. तुला हात लावत नाय.”

“माझ्या हातचं हाय.”

“कोणत्या हातचं?”

तुम्ही उजवा पुढं केलात. मला अजून कळत नाही, हात पुढं का केलात. तुम्ही मारायला केला असेल. पहिल्या दोघांना तुम्ही खरंच लोळवलंत, एकाचा दात पडला. मग सात-आठ जणांनी तुम्हाला तुमच्याच ठोक्यावर, रंधायच्या बाकावर, आडवं धरलं, मनगट दाबलं आणि तुमचीच मोगरी घेतली. एक, दोन, तीन. तोडतुकड्याला हाणायचात तसंच. आवाजही तसाच आला. मी थप्पीला टेकून उभा होतो.

ताई आली म्हणून सुटलात. शेगडीवरचं सरसाचं उकळतं पातेलं तिनं पदरानं धरलं आणि दाढीवाल्याच्या पायावर ओतलं. “आता चिकट,” म्हणाली. तो गुरासारखा ओरडला. ती रिकामं पातेलं घेऊन दारात उभी राहिली आणि एकही जण पुढं आला नाही. तिचे तळहात आठवडाभर सोलत होते.

हात बसवला, पण वाकडा बसला. मूठ कधी वळली नाही. नवव्या दिवशी तुम्ही मला खाटेजवळ बोलावलंत आणि डाव्या हातानं कानफटीत मारलंत. डाव्या हाताची सवय नव्हती, अर्धी नाकावर बसली.

“पांढरा होता.”

“व्हय.”

“लाल कुटं गेला?”

“पेल्यात आळला.”

“मग थांबायचं. का नाय थांबलास?”

“तुमची भीती वाटली.”

दुसरी बसेल म्हणून मी डोळे मिटले. बसली नाही. उघडले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणालात, “मग चुकी दोघांची. नाव एकाचं जाऊ दे.”

मी म्हटलं, मी रोह्याला जाऊन सांगतो. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी बारा वर्षं छातीत घेऊन फिरतोय. “तुझ्यात मार खायची ताकद नाय, परशा. ते तुला मारून टाकतील आणि तू मरशील. जा इथनं.” आठवड्यात ओळखीतून हे कच्छचं काम लावून दिलंत. मी तुमच्या पाया पडलो आणि पळालो. पळालो हाच शब्द आहे, दुसरा नाही.

तुम्ही मला वाचवलंत. त्या उपकाराचा मला रागही येतो, भाओजी, हेही आज लिहितो. तुम्ही त्यांना मला मारू दिलं असतंत तर मी मेलो असतो किंवा माणूस झालो असतो. तुम्ही मला नुसतं जिवंत ठेवलंत. पण जिवंत राहिलो म्हणून इथं चार माणसं माझ्या हाताखाली गोंद शिकतात. कुणाचा भांड्यात गोंद आळला तर मी आधी विचारतो, घाबरलास का. घाबरला असेल तर मी स्वतः जाऊन नवा डबा आणतो. हे तुमच्या त्या भिंतीकडे फिरवलेल्या तोंडातून आलंय.

तुमचा हात गेला आणि रूपा तुमचा हात झाली. तुम्ही बाजूला बसून सांगायचात, ती पटाशी मारायची. ताई सांगायची, त्यानंतर तुम्ही कुणावर हात उगारला नाहीत, रूपाच्या पाठीत तर कधीच तुकडा बसला नाही. “म्हातारा मऊ झाला गो,” असं शेजारणी ताईला म्हणायच्या. आज पेणच्या कारखान्यांचे पाट रूपाच्या हातचे असतात. पण रोह्याचं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, बापाचा सांधा सुटला होता. तुम्हाला अग्नी देऊन परतताना कुणीतरी म्हणालं, माणूस भला होता, हात कच्चा. रूपानं ते ऐकलं. तिनं त्या माणसाची गचांडी धरली, चौघांना सोडवावी लागली. हे तिनं मला कालच सांगितलं, तुकड्याचं विचारायच्या आधी.

तुमच्याकडे पुरावा होता. त्या मारातही होता, तुमच्या कमरेला. तो दाखवला असता तर मोगरी माझ्या हातावर बसली असती. तुम्ही तो पेटीत ठेवलात. जाळला का नाहीत? माझ्यासाठी ठेवलात की माझ्याविरुद्ध? की एवढा चांगला फाटलेला तुकडा जाळवला नाही? तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तिसरंच असणार.

आज सकाळी मी रूपाला फोन केला. सगळं सांगितलं. पेला, पांढरा डबा, खोटा तोडतुकडा, थप्पीला टेकून उभा राहिलो ते. बारा वर्षांचं सगळं सांगायला एक चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पलीकडे तिचा रंधा थांबला. मला वाटलं फोन कटला.

“रूपा?”

“ऐकतेय. बाबांना म्हाईत होतं?”

“त्याच दिवशी. नखानं बघितलं त्यांनी.”

“आणि आईला?”

“नाय.”

“मी माझ्या हातानं त्यांना भरवत होते, मामा. दहा वर्षांची होते. बटनं मी लावायचे.”

मी म्हटलं, उत्तरकार्याला रोह्याची माणसं येणार असतील तर मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगीन. हा कागद वाचीन. त्या काठीवाल्या माणसाचेही पाय धरीन. तो तुकडा तू दारावर लाव, नाव बाहेरच्या बाजूला कर.

मग म्हणाली, “गाडी कितीला हाय?”

“परवा दुपारी पनवेल. तिथनं रोह्याची धरतो, पेणला उतरतो.”

“मी स्टेशनला येते.” मग म्हणाली, “एक सांगते मामा. तुला मारायचा का नाय, ते तू उतरल्यावर ठरवीन.”

“मार,” मी म्हटलं.

“आणि मी नाय मारला तरी आई हाय. पातेलं अजून घरात हाय.”

भाओजी, ती हसली नाही, मीही हसलो नाही. पण तुम्ही असतात तर हसला असतात.

पिशवी भरली आहे. जिते गेलं की मी डब्याच्या दारात येऊन उभा राहीन, पेणला गाडी फार थांबत नाही. तुम्ही म्हणालात ती ताकद माझ्यात आली आहे का, हे मला खरंच माहीत नाही. आवळून, हाणून बघितल्याशिवाय ते कळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमचा,
परशा